टेबलाखालची घरघर

मी टेबलाखालचा कॉम्प्युटर बोलतोय. वर टेबलावर जो ऐटीत बसलेला असतो, तो नुसता पडदा. लोक त्यालाच कॉम्प्युटर समजतात, त्यालाच रोज पुसतात. राबतो तो खालचा काळा डबा, म्हणजे मी. माझ्या वाट्याला येतात ती माणसांची पावलं आणि केरसुणीचे फटके.

घरातला मुलगा नोकरीला लागला तेव्हा त्याने मोठ्या हौसेने मला घरी आणलं. पुढे त्याने मांडीवर घेऊन बसता येईल असा नवा कॉम्प्युटर घेतला आणि माझी रवानगी भंगारात करायचं ठरलं. तेवढ्यात त्याची आत्या या घरी राहायला आली आणि मी वाचलो.

आत्याला ऐकू येत नाही. ऐन चाळिशीत एका तापात तिचे कान गेले. पण समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं असं ओळखते की नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही. तिची धाकटी बहीण दूरच्या शहरात असते. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर ओठ नीट दिसत नाहीत, म्हणून भाच्याने मोठ्या पडद्यासाठी मला पुन्हा कामाला जुंपलं. रोज दुपारी, घरात कुणी नसताना, दोघी बहिणी माझ्यासमोर बसून बोलायच्या. मला तर नवा जन्म मिळाल्यासारखं झालं होतं.

मग धाकटीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या घरचे सगळे तिला धीर द्यायचे, त्यामुळे आपल्याला भीती वाटते हे तिला कुणापाशी बोलता येईना. ते ती फक्त ताईपाशी बोलायची. त्या दुपारच्या गप्पांवर तिचा दिवस निघत होता.

नेमक्या त्याच दिवसांत मी मंदावलो.

झालं असं की शेजारी बांधकाम सुरू झालं आणि घरभर धूळ येऊ लागली. मला काही होऊ नये म्हणून आत्याने जाड कापडाचं छानसं कव्हर शिवलं, खाली झालर लावून, आणि मला नखशिखांत झाकून टाकलं. दुपारी धाकटीचा फोन कधीही येईल म्हणून घरचे परत येईपर्यंत ती मला बंद करत नसे. चालू यंत्राला श्वास लागतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझं अंग तापू लागलं. फार तापलं की जळून जाण्यापेक्षा काम हळू करायचं, असं आम्हाला बनवतानाच शिकवलेलं असतं. मी हळू झालो. धाकटीचं चित्र अडखळू लागलं, ओठ अर्ध्यावर थिजायचे आणि पुढचं वाक्य भलतीकडेच उघडायचं.

मी गप्प बसलो नव्हतो. पोटातला पंखा जीव खाऊन फिरवत होतो, घरघरत होतो. दुसऱ्या कुणाच्याही लगेच लक्षात आलं असतं. पण माझी तेवढी एकच भाषा, आणि समोर बसलेली आत्या.

रविवारी भाचा मला तपासायला बसला. त्याला पाय हलवत बसायची खोड आहे. कव्हर मळेल म्हणून आत्याने ते आधीच काढून ठेवलं. मोकळी हवा लागली आणि मी पळू लागलो. तरी त्याने माझ्या पोटातल्या जुन्या फायली उपसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी कव्हर पुन्हा अंगावर आलं आणि पुन्हा तेच. मग दुरुस्तीवाला आला. परका माणूस घरात येणार, म्हणून आत्याने त्या दिवशी कव्हर धुऊन दोरीवर घातलं होतं. दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं, चालवून पाहिलं आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगून तो गेला. मला स्वतःच्या ठणठणीतपणाचा इतका राग कधी आला नव्हता.

त्या संध्याकाळी भाचा आत्यासमोर बसला आणि मायेने म्हणाला, "आत्या, एकदा तुझे डोळे दाखवून येऊ या का?"

आत्या हो म्हणाली. पण तेव्हापासून तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला. बंद पडद्यात आपलंच तोंड बघत ती ओठ हलवायची आणि आपलं आपल्याला कळतंय का ते तपासायची. कान गेले तेव्हा ती सावरली होती. आता डोळेही जाणार, या धास्तीने तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

एका दुपारी धाकटी सारखी विचारत होती, "ताई, तुझ्याकडे हे काय घरघरतंय? मला माझंच बोलणं ऐकू येईना." आत्याला यातला एक शब्द दिसला नाही. शेवटी धाकटीने वैतागून दोन्ही हात कानांवर दाबले, आणि चित्र नेमकं तिथेच अडकलं. कान झाकलेले, तोंड वाकडं. आत्या त्या चित्राकडे बघत राहिली.

आपला आवाज आता कसा येतो हे तिला ठाऊक नव्हतं. तो कर्कश झाला असेल, लोक सोसून घेत असतील, ही शंका ती कित्येक वर्षं मनात दाबून होती. रिकाम्या खोलीत ती मोठ्याने म्हणाली, "कंटाळली मला."

त्यानंतर पडद्यावर धाकटीचा फोन आल्याची खूण चमकायची आणि आत्या नुसती बघत बसायची. मी तापत होतो, ओरडत होतो. माझ्या आयुष्यात इतकी लाचारी मला कधी वाटली नाही.

धाकटी दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी भाच्याची बायको, आमची सूनबाई, पाय मुरगळल्यामुळे घरी होती. मिक्सर चालू राहिला असं समजून ती लंगडत बाहेर आली. स्वयंपाकघरात मिक्सर बंदच होता. मग ती आवाजाच्या मागावर टेबलापर्यंत पोचली, खाली वाकली आणि तिने कव्हर उचललं. मला हात लावताच तिने तो झटकला. मग आत्याचा हात धरून माझ्या अंगावर टेकवला.

"मीच गुदमरवला होय याला?" आत्या म्हणाली.

सूनबाईने मान हलवली आणि पडद्यावर चमकत असलेला धाकटीचा फोन घेतला. पलीकडून धाकटी आधी त्या घरघरीवरच ओरडली, मग म्हणाली, "त्या दिवशी हिच्यामुळे मी कान दाबले, तेव्हापासून ताई माझा फोनच घेत नाही." सूनबाईला सगळा उलगडा झाला. ती आत्यासमोर उकिडवी बसली आणि सावकाश म्हणाली, "आत्या, त्या तुम्हाला नाही वैतागल्या. याच्या आवाजाने त्यांनी कान धरले."

मी निवत गेलो. घरघर थांबली, चित्र सुरळीत झालं. डोळे पुसून आत्या पडद्यापाशी सरकली. धाकटी म्हणाली, "ताई, उद्यापासून माझा आवाज नाही. तुला आठवतो का गं तो?"

"कान जायच्या आधीचा आठवतो," आत्या म्हणाली. "चांगला खणखणीत. मला भांडताना जसा लावायचीस तसा."

धाकटी हसली, आणि मग दोघी रडल्या.

आता मी म्हातारा झालोय. सुटे भाग मिळत नाहीत, किती दिवस काढीन सांगता येत नाही. एवढंच मागणं आहे की आमच्यातलं कुणी मंदावलं तर लगेच कुणाच्या डोळ्यांना, कुणाच्या वयाला दोष देऊ नका. आधी जवळ या, हात लावून बघा.

ऑपरेशन झालं. धाकटीला घरी आणलं. ती ओठ हलवते, आवाज येत नाही, आणि तिच्या घरात कुणाला काही कळत नाही. लिहायला पाटी दिली तर ती चिडते. मग तिचा मुलगा तिला कॅमेऱ्यासमोर बसवतो, वाढलेल्या दाढीमिशांत त्याचे ओठ आत्याला दिसत नाहीत म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून धरतो, "मावशी, आई काय म्हणतेय?"

आत्या बहिणीच्या ओठांकडे बघते आणि सांगते, "उशी उंच होतेय म्हणते. आणि तुला म्हणते, रडू नकोस, आधी दाढी कर."