माझ्या पोटात मालिनीबाईंचा आवाज आहे

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि आज माझ्या हातून मोठा घात झाला.

इंदिरानगरच्या मालिनीबाई तीस वर्षं इटालियन शिकवत होत्या. शब्दाचे तुकडे कसे करायचे, जोर कुठल्या तुकड्यावर द्यायचा, हे त्यांनी माझ्यासमोर बसून एका कॅसेटमध्ये भरलं. "फि, ने, स्त्रा. म्हणजे खिडकी. 'स्त्र' तोडू नका, आणि मधला 'ने' लांबवा. मराठीसारखं सगळ्यांना सारखं वजन देऊ नका गं!" मुली हसायच्या, मला मधोमध ठेवून ऐकायच्या. काय तो माझा रुबाब! मग मोबाइल आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे माझी चाकं फिरवणारा आतला रबरी पट्टा सैल पडला. कुणी बघितलंही नाही.

मागच्या वर्षी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. माहेनूर त्यांची शेवटची विद्यार्थिनी. नर्सिंग शिकलेली. इटलीतल्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी आहे, पण इटालियनची तोंडी परीक्षा पास झाली तरच. एकदा ती नापास झाली, उच्चार सपाट म्हणून. उद्या शेवटची संधी. म्हणून आज तिने मला खाली काढलं, बाईंच्या पलंगाशेजारी ठेवून ओढणीने पुसलं.

मी सुरू झालो. पण देवा! सैल पट्ट्यामुळे सगळंच रेंगाळायला लागलं. फीऽ, नेऽ, स्त्राऽ. सगळे तुकडे सारखेच लांब! आणि ती बिचारी तसंच घोकायला लागली. अगं थांब, चुकतंय, असं मला ओरडायचं होतं. पण मला माझा आवाज कुठे आहे? त्यातच फीत माझ्या चाकात अडकली. तिने हळूच ओढली, तरी तुटली.

"बाई, माफ करा हो," माहेनूर रडायला लागली. "तुमचा आवाज मी घालवला. आता मी काय करू?"

तिने नाही हो, मी घालवला!

तेवढ्यात पलंगाच्या कडेवर थाप पडली. बाईंचा डावा हात. एक हलकी, एक जड, एक हलकी. पुन्हा तसंच.

माहेनूरने डोळे पुसले. "फि-नेऽ-स्त्रा?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. मग वहीतला पुढचा शब्द, ताऽ-वो-लो, म्हणजे टेबल. जड, हलकी, हलकी. संध्याकाळपर्यंत बाईंचा तळवा लाल झाला, तरी त्या थांबेनात.

आत्ताच बाईंची सून प्रतिभा विचारून गेली, "हा भंगारात टाकू ना?"

मित्रांनो, हात जोडतो. तुमच्या माळ्यावर कुणी असा पडला असेल, तर आजच खाली काढा. आणि मला टाका, खुशाल टाका. फक्त आधी ती तुटकी फीत सोडवून घ्या. तिच्यात बाई अजून बोलतायत.