फ्लेक्सवरचा शब्द

सकाळी आठ वाजता कोल्हापुरात अंबादास सरांच्या ओट्यावर अपूर्णांक चालले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी भाकरीचे चार तुकडे करून मुलांना 'पाव' समजावून सांगायचा सरांना कंटाळा आला नव्हता. एका पोरानं त्यातला एक तुकडा खाऊन टाकला. सर म्हणाले, "बरं, आता किती उरली ते लिही." पोरानं 'पाऊण' लिहिलं आणि सर खूश झाले.

तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजातल्या अवंतिका मॅडम बोलत होत्या. सरांचीच जुनी विद्यार्थिनी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची पूर्णिमा बारा दिवस वर्गात आली नव्हती आणि परीक्षेचा अर्ज भरायला चारच दिवस उरले होते.

सरांना वाटलं, मुलगी आजारी असेल. पैशांची अडचण तर असणार नाही. तालमीच्या मंडळाच्या शिक्षण निधी समितीवर ते होते आणि तिची यंदाची फी त्यांनीच त्या निधीतून मंजूर करून घेतली होती. इचलकरंजीच्या शाळेत असताना त्यांनीच तिला पाढे शिकवले होते. गेल्या वर्षीही निधी मिळाला होता. तेव्हा निवडणुकीमुळे निधीवाटपाचा कार्यक्रम झाला नव्हता, रक्कम गुपचूप कॉलेजात भरली गेली आणि पूर्णिमानं वर्षभर एकही तास चुकवला नव्हता.

दुपारच्या एसटीनं सर इचलकरंजीला गेले.

यंत्रमागांच्या खडखडाटात दोन खोल्यांचं घर. दारातच पूर्णिमाचे वडील पिराजी डाव्या हातानं सुताच्या कांड्या भरत बसले होते. चार वर्षांपूर्वी उजवा हात मागाच्या पट्ट्यात गेला, तेव्हापासून मालकाचं सूत ते घरी आणून गुंडाळत. तिच्या आईनं, बायडाबाईंनी, चहा टाकला, साखर जास्त पडल्याचं आधीच सांगून टाकलं. पूर्णिमा घरात नव्हती. एका पेढीवर कापडाच्या घड्या घालायला ती आठवड्याभरापासून जात होती.

सरांनी कारण विचारलं. बायडाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. पिराजींनी हातातली कांडी खाली ठेवली.

"सर, येक इचारू? निराधार म्हंजी ज्येला कुणी न्हाय, त्योच की?"

"होय."

"मग मी कोण?"

पिराजींनी मोबाइल पुढे केला. त्यावर कुणीतरी फोटो पाठवला होता. कॉलेजसमोरच्या चौकात मंडळाचा भला मोठा फ्लेक्स, देणगीदारांचे हसरे चेहरे आणि खाली नऊ मुलांची छायाचित्रं. पूर्णिमाच्या नावापुढे छापलं होतं, 'निराधार'.

तो शब्द सरांचा होता. शिफारसपत्रात त्यांनीच लिहिला होता. समितीत जिची कहाणी जास्त करुण तिचं नाव वर जातं, हे त्यांना माहीत होतं. मुलीचं भलंच होईल, असं वाटलं होतं.

संध्याकाळी पूर्णिमा आली. सरांच्या पाया पडली आणि उंबऱ्याशी बसली.

"मुली विचारायच्या, बाबा कधी गेले," ती हळू बोलत होती. "मी म्हणायचे, आहेत. मग म्हणायच्या, खोटं सांगून पैसे घेतलेस होय? काय सांगणार, सर? निधी मिळाला म्हणून पहिलं वर्ष शिकले. आता तोच घेतला म्हणून फाटकातनं आत जाववत नाही."

सरांनी पिराजींपुढे हात जोडले. पिराजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सर. तुमी वाईट मनानं न्हाय केलासा." ते शब्द सरांना अधिकच टोचले.

दुसऱ्या दिवशी सर मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह यांच्याकडे गेले. उदयसिंह गोठ्यात म्हशीची धार काढत होते. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मोठ्या मनाचाही. सरांनी सारं सांगितलं आणि पुढे म्हणाले, की यापुढे फ्लेक्स, व्यासपीठ, फोटो असतील, तर शिफारसपत्रावर माझी सही मिळणार नाही.

"आवो सर, लोकास्नी दिसाय नगं? न्हायतर देणगी कोण देतंय?"

"याच गावानं गरीब पोरांच्या शिक्षणासाठी बोर्डिंगं काढली, उदयसिंह. तिथं जेवलेल्या पोरांचे फोटो कुणी चौकात टांगले नव्हते."

उदयसिंहांनी धार संपवून बादली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चौकातला आजच उतरवतो. म्होरलं बैठकीत बघू."

सर जायला वळले आणि थांबले. गोठ्याच्या छपरावर जुना फ्लेक्स अंथरला होता. तीन वर्षांपूर्वीच्या निधीवाटपाचा. त्यावरही नऊ चेहरे होते. सर एकेक ओळखू लागले. चार शिकून बाहेर पडले. पाच जणांनी मधेच कॉलेज सोडलं होतं. दर वेळी समितीच्या बैठकीत सरांनी कारण सांगितलं होतं, 'घरची परिस्थिती'. एकाच्याही घरी जाऊन विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी परीक्षेचा अर्ज घेऊन सर पुन्हा पिराजींच्या दारात बसले. चौक मोकळा झाल्याचं त्यांनी पूर्णिमाला सांगितलं. अर्जावर पालकाची सही लागत होती. पिराजींनी डाव्या हातानं, जिभेचं टोक दातांत धरून, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढलं. सरांनी आयुष्यात हजारो मुलांची अक्षरं गिरवून घेतली होती. हे अक्षर बघताना मात्र त्यांची मान वर होईना. पूर्णिमानं अर्ज दोनदा वाचला आणि दप्तर काढलं. कोल्हापूरची एसटी दोघांनी बरोबरच पकडली.

तिला कॉलेजच्या फाटकाशी सोडून सर थेट गोठ्यावर गेले आणि छपराचा तो फ्लेक्स उतरवून मागितला. सोडून गेलेल्या पाचांपैकी चौघांची नावं त्यांना आठवत होती. पाचव्या मुलाचं काही केल्या आठवेना, आणि तीन पावसाळ्यांत फ्लेक्सवरचं नाव पुसून गेलं होतं. फोटोखाली दोनच शब्द शाबूत होते, 'गरीब, होतकरू'.

सरांनी तो चेहरा कात्रीनं कापून पिशवीत ठेवला आणि विचारत विचारत त्याचं घर शोधायला निघाले.