करुणा मध्येच थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. वरकुट्याच्या बुद्धविहारातल्या लोखंडी कपाटात, सतरंज्यांच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा पडला आहे आणि वायर काळ्या चिकटपट्टीने जोडलेली आहे. लोक मला तोंड समजतात. खरे तर मी कान आहे. तोंडाचे काम भोंगा करतो. माझ्या पोटात एक पातळ पडदा, तारेचे बारीक वेटोळे आणि लोहचुंबक आहे. कुणी बोलले की पडदा थरथरतो आणि तेवढेच मी पुढे पाठवतो. पदरचे काही घालत नाही.

मला बारामतीच्या एका दुकानातून श्रीपती आबांनी आणले. आबा तेव्हा एसटीच्या डेपोत नोकरीला होते, आमच्या वस्तीतले पहिले पगारदार. गावी येईपर्यंत त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवले नाही. कंडक्टर हसून म्हणाला, "श्रीपतराव, ह्याचं बी तिकीट फाडू का?"

त्यानंतर वस्तीतले प्रत्येक लग्न, नामकरण आणि शोकसभा मी ऐकली. पण माझा खरा मानाचा दिवस म्हणजे जयंती. त्या दिवशी वंदना झाली की वस्तीतले एक मूल भाषण करी. भाषण आबांनी लिहिलेले होते. पहिल्यांदा ते आबांच्या मुलाने, सोमनाथने म्हटले. इतके खणखणीत म्हटले, की शेळगावहून आलेले पाहुणे ते उतरवून घेऊन गेले. मग दरवर्षी नवे मूल आणि तेच भाषण. कुठे श्वास घेतला जाईल, कुठे टाळ्या पडतील, हे मला पाठ झाले. शेवटचे वाक्य असे होते: "कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतःच्या बुद्धीने विचार करा!" या वाक्याला प्रत्येक मूल उजव्या हाताचे बोट वर करी. अगदी एकाच जागी. कुणाला त्यात गंमत वाटली नाही. मलाही बरीच वर्षे वाटली नव्हती.

भाषणाच्या मध्यावर एक ओळ होती: "जो मातीत राहिला तो मागे राहिला, ज्याने पुस्तक धरले तो माणूस झाला." तिला सर्वांत जास्त टाळ्या पडत.

सोमनाथ शिकला, पण नोकरीत रमला नाही. त्याने गावात रान घेतले आणि डाळिंबाची बाग लावली. जयंतीला तो मांडवाच्या खांबाला टेकून बसे. मी व्यासपीठावर असे, तिथून त्याचा चेहरा मला दिसत नसे. त्या ओळीला तो काय करी, हे मला माहीत नव्हते.

पुढे बिनवायरीचा नवा माईक आला आणि मी कपाटात गेलो. धूळ बसली, एकदा उंदरानेही वायर चाखून पाहिली. मग एका जयंतीला ऐनवेळी नव्याची बॅटरी संपली. बारामतीला नोकरी करणारा बुद्धघोष मंडळाचा कारभार बघतो. त्याने मला शोधून काढले, शर्टाच्या टोकाने पुसले आणि स्टँडवर चढवले.

त्या वर्षी भाषण करुणाचे होते. करुणा ही सोमनाथची मुलगी, सातवीतली. निम्मे भाषण तिने एकही शब्द न चुकता म्हटले. मग ती म्हणाली, "जो मातीत राहिला..." आणि थांबली.

आपल्याकडे मूल भाषण विसरले की लोक टाळ्या वाजवतात. त्याने लाजू नये, खुशाल खाली येऊन बसावे, म्हणून. मायेचीच रीत आहे ती. टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या खुर्चीतून आबांनी ओळ पुरवली, "तो मागं राहिला. म्हण, तो मागं राहिला."

करुणा खाली उतरली नाही. टाळ्या थकून थांबल्या.

"आबा, मला येतंय ते," ती म्हणाली. "पण मला म्हणायचं न्हाय."

मांडवात कुजबुज उठली. "आता हे काय मधीच?" कुणीतरी म्हणाले. तिची आजी केसरबाई बायकांतून ओरडली, "बोलू द्या की पोरीला! ऐकून ऐकून ते माझं बी पाठ झालंय." थोडा हशा झाला.

"का म्हणायचं न्हाय?" आबांनी विचारले. आबा हसले नव्हते.

"ह्या ओळीला पप्पा खाली बघत्यात. मी दरसाल त्यांच्याशेजारी बसते, मला दिसतं. ते मातीतच राहिल्यात, आबा. मग ते माणूस न्हाईत का?"

तिचा आवाज कापला. तो कंप माझ्या चुंबकापर्यंत आला.

"करुणा, घरचं घरी बोलायचं," बुद्धघोष घाईने म्हणाला. "चल, खाली ये. पुढं गाणं हाय." त्याचा हात खटक्याकडे गेला.

"बुद्धघोषा, हात काढ तिथनं," आबा म्हणाले. "चालू ऱ्हाऊ दे."

ते काठी टेकत वर आले. मला वाटले, आता पोरीला बोलणी बसणार. करुणालाही तसेच वाटले असावे. ती स्टँडला घट्ट धरून उभी होती. आबा माझ्याकडे झुकले.

"मी हे लिवलं तवा रान आपलं नव्हतं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या बांधावर राबायचं आन् दुसऱ्याचं ऐकायचं. तवा ही ओळ खरी व्हती. आता रान सोमनाथचं हाय. आन् मी ती ओळ पुन्हा तपासलीच न्हाय. पोरांकडनं नुसती म्हणून घेत गेलो." मग त्यांनी मांडवाच्या खांबाकडे पाहून हाक मारली. "सोमनाथ, वर ये. तुझं काय म्हणणं हाय, तू सांग."

"मला कुठं बोलाय येतंय, आबा?"

"ल्हानपणी कसा खणखणीत बोलायचास!"

"ते तुमचं व्हतं," सोमनाथ म्हणाला.

पण तो आला. माझ्यापासून हातभर लांबच उभा राहिला.

"डाळिंबाला कळी धरली की मी रोज सकाळी बागेत जातो," तो म्हणाला. "काम नसलं तरी जातो. नुसता बघत बसतो. मला... मला ते लई आवडतं."

एवढेच. बोट वर नाही, आवाज चढवणे नाही. लांबून आलेला तो पातळ आवाज मी सगळा ताण लावून धरला. टाळ्या कुठे वाजवायच्या, ते कुणाला कळेना. जुन्या भाषणात जागा ठरलेल्या होत्या. इथे कसलीच ठरलेली नव्हती. करुणा बापाच्या कुशीत शिरली, आणि आबांनी चष्मा काढून उपरण्याने पुसायला घेतला.

मित्रांनो, हल्ली विहारात मुले माझ्यापुढे आपापले बोलतात. खोटे कशाला सांगू, भाषणे पूर्वीइतकी छान होत नाहीत. मुले अडखळतात, वेळ फार जातो, बुद्धघोष घड्याळ बघतो. आबा पुढच्या खुर्चीत ओठ घट्ट मिटून बसतात. ओळ पुरवण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही.

माझे मागणे थोडेच आहे. मला ओल्या फडक्याने पुसू नका. जाळीवर टकटक करू नका, आतला पडदा नाजूक असतो. आणि कुणी बोलता बोलता मध्येच थांबले, तर लगेच टाळ्या वाजवू नका. त्याला पुढचे सगळे येत असेल. ते आपले नाही, एवढेच त्याला नुकते कळले असेल.