सायकलवाला कप

कप रंजीतानं पाठवला होता, माह्या पोरीनं. आलापल्लीत फोटोच्या दुकानात कामाले आहे ते. कपावर जुन्या पुस्तकातलं चित्र, सायकल नवीन निघाली तेव्हाचं. पुढचं चाक माणसाएवढं, मागचं ताटलीएवढं, अन् वर टोपीवाला साहेब. माहा नवरा, झाडू त्याचं नाव, सायकली दुरुस्त करते. चित्र पाहून म्हणला, "हा साहेब खाली उतरत कसा असन?" तेव्हापासून त्याचा चहा त्याच कपात.

त्या दिवशी घर गळून राह्यलं होतं अन् हा निघाला भामरागडले, लोकाच्या सायकलीचं ट्यूब आणाले. माहं डोस्कं फिरलं. म्हणली, "जाय! तसाच वाहून जाय. परत तोंड नको दाखवू." जिभेले हाड नसते म्हणतात, खरं आहे. संध्याकाळी नदीले पूर आला, पुलावर सायकल अडकलेली सापडली. झाडू नाई सापडला.

पंधरा दिवस वाट पाहिली. आमच्यात गेलेल्या माणसाले नदीवरून घरी आणा लागते. नवं मडकं घेऊन पाण्यात उभं राहाचं, नाव घेऊन हाक माराची, मडकं बुडवाचं. मासा, झिंगा, काही जित्तं आत आलं का समजाचं, तो आला. जित्तं परत सोडाचं अन् पाणी घरी आणून पितरांच्या कोपऱ्यात ठेवाचं. पण रस्ता बंद, बाजार बंद, नवं मडकं आणू कुठून? मी कपच घेतला. गावचे म्हातारे वारलूभाऊ भडकले, "सोमारी, येड लागलं का तुले? फॅक्टरीच्या भांड्यात कोण येईन?"

"माती भाजूनच केला ना, भाऊ? अन् कप त्याच्या ओळखीचा आहे."

तीनदा नाव घेतलं, तीनदा कप रिकामा. रागावूनच बसला तो, मले पक्कं समजलं. चौथ्यांदा रडत रडत नुसतं "ये ना घरी" म्हणली, अन् एवढासा झिंगा आत आला. झिंगा सोडला, कपातलं पाणी घरी आणून कोपऱ्यात ठेवलं.

महिनाभर मी त्या कपाशी बोलली. "चुकलं माहं. तसं मनात नव्हतं." मी बोलली का पाणी हाले. वारा नाई, काही नाई, पाणी हाले. भरदुपारी कोपऱ्यात कोणी खोकले. तंबाखूचा वास ये. झाडूनं जन्मात तंबाखूले हात नाई लावला. म्हटलं, मेल्यावर लागली असन सवय. भेव लागे, पण बरंही वाटे. घरी तर आला.

पाणी उतरलं अन् एका सकाळी झाडू दारात उभा. जित्ता! पाय बांधलेला, हातात काठी. लाकूड धरून पलीकडच्या काठाले लागला होता. तिकडच्या लोकांनी सांभाळलं, पण ना रस्ता ना फोन. मी हंबरडाच फोडला. तो आत आला अन् नाक वर करून म्हणला, "घरात तंबाखू कोण खाते वं?"

झाडू इथी आहे, तर कपात कोण आहे?

कप फेकाची हिंमत नाई, ठेवाची नाई. झाडू त्यात चहा मागे, मी स्टीलच्या गिलासात दे. मंग वारलूभाऊकडून समजलं. खालच्या गावातल्या सुकरीचा नवरा, कायम तोंडात तंबाखू, त्याच पुरात गेला. ते रोज नदीत मडकं बुडवते, रोज रिकामं निघते. लोक तिले तोंडावर म्हणतात, "तुह्यावर रागावला तो. म्हणून येत नाई."

चौथ्यांदा मी नावच घेतलं नव्हतं. कोणीतरी घरी बोलावून राह्यलं, एवढं त्यानं ऐकलं असन. तो बिचारा आला.

कप दोन्ही हातांनी धरून गेली. सुकरी गुडघाभर पाण्यात उभी होती, डोळे पार आत गेलेले. मी म्हणली, "बाई, तुहा माणूस माह्या घरी होता. तुह्यावर राग नाई त्याचा. मी चुकून बोलावला." तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं मडकं पुढं केलं. मी पाणी ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

मडकं पोटाशी धरून तिनं विचारलं, "माह्यासाठी काही बोलला का तो?"

"नाई वं बाई," मी म्हणली. "महिनाभर मीच माहं रडगाणं गाऊन राह्यली. त्याले बोलूच नाई दिलं."