आमच्याकडे सगळे धडधाकट

मी गुडघ्याचा पट्टा बोलतोय. औषधाच्या दुकानात टांगलेला असतो तोच, लवचीक कापडाचा, वाटीसाठी मधोमध भोक ठेवलेला. एका बाईने मला विकत घेतलं आणि त्या दिवसापासून चोरून वापरलं. माझ्याआधी तिने असे तीन झिजवले होते म्हणे.

ती कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. खालचा तागा काढायला वाकली की तिची गुडघ्याची वाटी सटकायची. पण कुणाला पत्ता नाही! लांब कपड्यांखाली मी आणि वर हसरा चेहरा.

तिची लेक चौदा वर्षांची. पोरीचा अंगठा वळून थेट मनगटाला टेकतो. पाहुणे आले की आईच म्हणायची, "दाखव गं तुझी गंमत!" टाळ्या पडायच्या. पुढे पोरीचा खांदा निखळू लागला, जिन्यात पाय दगा देऊ लागला. शाळेत तिला 'नाटकी' नाव पडलं. घरी आई म्हणाली, "पुरे झाली तुझी थेरं." तेव्हा मी तिच्याच गुडघ्याला आवळून बसलो होतो. मला फार लाज वाटली.

शेवटी आईने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोरीची बोटं, कोपरं वाकवून पाहिली. "सांधे धरून ठेवणारे धागेच जन्मतः सैल असावेत. हे बऱ्याचदा घरातूनच येतं. कुणाला आहे का?"

"छे हो! आमच्याकडे सगळे धडधाकट."

मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती. आजाराचं निदान अडलं. पुढच्या सहा महिन्यांत खांदा तीनदा निखळला.

एका सुट्टीच्या दिवशी कपाट आवरताना मी लेकीच्या हाती लागलो.

"आई, हा कुणाचा?"

आईने मला तिच्या हातातून घेतलं. "माझा. तू व्हायच्या आधीपासून वाटी सटकते माझी. तुझ्या आजीने बजावलं होतं, कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून."

"म्हणजे मी खोटं बोलत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

दुसऱ्या दिवशी आईने मला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तपासण्या ठरल्या, सांध्यांना बळ देणारे व्यायाम ठरले.

मी आता सैल पडलोय, लवकरच माझ्या जागी नवा येईल. जाण्याआधी एकच विनवणी. तुमचेही सांधे असे सटकत असतील, तर लेकरांपासून लपवू नका. ती दुखतंय म्हणाली, तर खरं माना.

त्या दिवशी दवाखान्याचा जिना उतरताना आईने हात पुढे केला. लेकीने कठडा धरला.