बिनपत्त्याचा दगड

रुक्माबाईंनी दगड धुतले आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

आता दगड धुण्यात कसला आलाय घोटाळा, असं कुणीही म्हणेल. पण ते भीमराज खंदाऱ्यांचे दगड होते. भीमराज म्हणजे रुक्माबाईंचे मालक, भूजल खात्यातले भूवैज्ञानिक. अख्खी नोकरी हिंगोली जिल्ह्यातल्या विहिरींत वाकून बघण्यात गेली. नवी विहीर खणली की तिथला एक दगड ह्यांच्या पिशवीत. वसमतच्या तीन खोल्यांच्या घरात कपड्यांचं कपाट एक आणि दगडांची दोन! प्रत्येक दगडावर चिकटपट्टीचा बारका तुकडा, तुकड्यावर आकडा, आणि त्या आकड्याचा पत्ता एका निळ्या वहीत: गाव कुठलं, विहीर कुणाची, किती फुटांवर सापडला. गेल्या वर्षी माणूस गेला. जाताना मागितलं तरी काय, तर हे दगड कॉलेजात द्यावेत, लेकरांच्या हातात पडावेत. बस, एवढंच.

पहिला स्मृतिदिन आला तशी रुक्माबाईंनी घराची झाडलोट काढली. दगडांवर वर्षाची धूळ. त्यांच्या जिवाला बरं वाटेना. मोरीत पाणी सोडलं, सोडा घेतला, काथ्या घेतला आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दगड पोटच्या लेकरासारखे चोळून न्हाऊ घातले. चिकटपट्ट्या भिजून जाळीवर गोळा झाल्या. त्या त्यांनी केरात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अलमास आली. ही बोअरवाल्या लतीफभाईंची मुलगी. लहानपणी बापाच्या मशीनवर भीमराजांनी तिला खडकाचा चुरा ओळखायला शिकवलं, आणि आज ती कॉलेजात तेच शिकवते. रिकामे खोके घेऊन आली होती; कपाटातली निळी वही काढून वर गेली. गच्चीवर वाळत घातलेले लख्ख दगड एकेक उलटून बघत ती खालीच बसली.

"काकू, नंबर कुठं गेले?"

"चिकटा होता नुसता. काढला की."

"काकू, वहीत पत्ते हायेत, पण कुठला पत्ता कुठल्या दगडाचा हे कसं कळावं आता? कॉलेज असे दगड घेत न्हाई. बिनपत्त्याचा दगड खडीत जमा, असं खंदारे सरच म्हणायचे."

रुक्माबाईंना केरात टाकलेल्या चिकटपट्ट्या आठवल्या. मेलेल्या माणसानं एक गोष्ट मागितली, आणि ती आपण आपल्या हातानं मोरीत सोडली!

खरं तर ह्या दगडांवरनं त्यांनी नवऱ्याला जन्मभर टोचून खाल्लं होतं. माणूस घरी आला की चप्पल काढायच्या आधी पिशवी उघडायचा. रुक्माबाई भाकरी थापायच्या, तो चुलीपाशी बसून बोलायचा. जमीन कशी झाली, पाऊस काहून हटला, तारे कशाचे बनतात. औंढ्याजवळ आकाशातल्या लहरी पकडायचं यंत्र येणार म्हटल्यावर तर आठवडाभर ताटावर लक्ष नव्हतं. रुक्माबाई म्हणायच्या, "जेवा आधी, आकाश कुठं पळून चाललं न्हाई." तो हसायचा. "तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

दवाखान्यात मात्र हसला नाही. म्हणाला, "रुक्मा, जन्मभर बोललो, तू एकदाबी ऐकलं न्हाईस." ह्या म्हणाल्या, "झोपा आता." तिसऱ्या दिवशी गेला. ते 'झोपा आता' रुक्माबाईंच्या छातीत वर्षभर रुतून बसलं होतं. दुसरं काहीही बोलता आलं असतं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

अलमास वही मिटून उठायला लागली. रुक्माबाईंनी समोरचा हिरवट, काचेसारखा खडा उचलला. उगीच, हाताला चाळा म्हणून. आणि म्हणाल्या, "हा हट्टा गावचा."

"कशावरून?"

"आमच्या ऐश्वर्याला गोवर निघाला होता. लेकरू तापानं फणफणून राहिलं आन् हे खडा दाखवून राहिले! म्हणे बत्तीस फुटांवर घावला. लाव्ह्यात बुडबुडा अडकला, त्यात पाणी झिरपत राहिलं, आन् हा आत बसून वाढत गेला. मी म्हनलं, ह्याला ऱ्हाऊ द्या, पोरीला दवाखान्यात न्या."

अलमासनं वही उघडली. बोट सरकवलं. "हट्टा. बत्तीस फूट. बराबर हाय, काकू!"

"आन् हा तांबडा, औंढ्याच्या रस्त्याचा. डोंगर कापला तिथला. दोन लाव्ह्यांच्या मधली माती हाय ती. लई वर्षं नुसतं ऊन आन् पाऊस खाल्ला, मग वरून दुसरा लाव्हा आला न् भाजून निघाली. म्हणायचे, साडेसहा कोटी वर्षांमागं हवा कशी होती ते ह्या मातीला इचार. मी म्हनलं, उद्या कशी राहील ते सांगा, माझे पापड वाळायचेत."

अलमास हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. मग खाली बसूनच दोघी कामाला लागल्या. भावाच्या लग्नाचा दगड, नळाला पाणी न आलेल्या उन्हाळ्याचा दगड, भांडण होऊन दोन दिवस अबोला धरला तेव्हाचा दगड. रुक्माबाई संसार सांगायच्या आणि त्यातून गाव निघायचं, विहीर निघायची, फूटसुद्धा निघायचे. त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. घडा कुठं पालथा होता? काठोकाठ भरलेला होता, आणि भरणाऱ्याला ते न कळताच तो गेला!

ऊन कलेपर्यंत बेचाळीस दगड खोक्यात गेले. एक उरला. साधा काळा, ना चमक ना रंग.

तो रुक्माबाईंनी हातात घेतला.

भीमराज त्यांना बघायला शिरड शहापूरला आले होते. पोहे झाले आणि नवरदेव गायब! बघतात तर मागं अर्धवट खणलेल्या विहिरीत, नव्या पांढऱ्या शर्टासकट. वर आला तो हा दगड घेऊन, आणि सरळ मुलीलाच म्हणाला, "चांदावरचा काळा डाग दिसतो ना तुमाला, तो बी असल्याच दगडाचा हाय." रुक्माबाईंचे वडील जळबा कपाळाला हात लावून म्हणाले, "पोरगं येडं तर न्हाई?" ह्या दाराआडून म्हणाल्या, "असू द्या."

"काकू, हा?" अलमासनं विचारलं.

"हा कुठला ते न्हाई बाई माहीत," रुक्माबाई म्हणाल्या. दगड पदराआड गेला होता.

अलमासनं वहीकडं पाहिलं. खूण करायची एकच ओळ राहिली होती, सगळ्यात पहिली. ती वाचून तिनं वही रुक्माबाईंपुढं सरकवली. ह्या वहीला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. कोवळ्या वयातलं भीमराजांचं अक्षर: 'क्रमांक एक. शिरड शहापूर, जळबा वाढवे यांची विहीर, अठरा फूट. काळा दगड.' आणि पुढं शेऱ्याच्या रकान्यात, बाकी कुठंच नव्हतं असं: 'ऐकणारं माणूस भेटलं.'

रुक्माबाईंनी ते दोनदा वाचलं. मग तोंडात पदर कोंबला, तरी हुंदका फुटलाच.

अलमासनं खूण न करताच वही मिटली. "बिनपत्त्याचा दगड कॉलेज घेत न्हाई, काकू," ती हळूच म्हणाली. "तुमीच ठेवा."

रिक्षा खोके घेऊन गेली. रुक्माबाई स्वयंपाकघरात आल्या. सवयीनं पीठ मळायला घेतलं आणि दगड समोर ठेवला, तो माणूस बसायचा तिथं. भाकरी थापता थापता हात थांबला.

"सगळं ऐकलं हो मी," त्या म्हणाल्या. "बोला की अजून."