तोंड मिटलेला फोटो

बायको गेली तेव्हा पोरगी लहान होती. आता ती शाळेत जाते, आणि आई तिला हळूहळू आठवेनाशी झाली आहे. परवा जेवताना विचारलं, "बाबा, आई बोलायची कशी?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी चिकटवही करायला घेतली.

मी बस डेपोत सीटची कव्हरं शिवतो. बायको तिथेच कंडक्टर होती. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस दचकून तिकीट काढायचा. पुढचा एक दात पडलेला. तिच्या एकाही फोटोत तोंड मिटलेलं नाही. कुठे भांडतेय, कुठे हसतेय, कुठे जांभई देतेय. शेवटचा फोटो दवाखान्यातला. डोक्यावर एक केस नाही, आणि माझ्याकडे बघून जीभ काढलीय.

सगळे फोटो टेबलावर मांडले होते, तेवढ्यात मेहुणी आली. बायकोची थोरली बहीण. तिने पिशवीतून एक मोठा फोटो काढला.

"भावजी, हा पहिल्या पानावर लावा. स्टुडिओवाल्याकडून नीट करून घेतलाय."

नीट म्हणजे काय, तर रंग उजळला होता, केस बसवले होते, तोंड मिटवलं होतं. कापडाच्या दुकानातली बाहुली दिसत होती.

"ताई, ही माझ्या घरात एवढा वेळ गप्प कधी बसली?"

"चेष्टा नको. लहानपणी तिची वेणी मी घालायचे. हे असलं," दवाखान्यातला फोटो तिने पालथा घातला, "पोरीला दाखवायचं? तिच्या मनात आई सुंदर राहू दे."

"सुंदर राहील, पण आई राहणार नाही."

"लोक बघतील तर काय म्हणतील?"

"लोकांची आई मेलेली नाही."

ती हळूच पालथा फोटो उचलून पिशवीत टाकायला लागली. मी हात पुढे केला.

"द्या."

"भावजी..."

"द्या, ताई. एवढं दुखत असताना तिने जीभ काढून दाखवली. ते मी लपवणार नाही."

तिने दिला, पण आपटून. माझ्या मनात आलं, आज दिला, उद्या मी कामावर गेल्यावर काढून नेईल. मी डिंकाची बाटली बाजूला सारली. दाभण आणि सीटचा जाड दोरा काढला. फोटो पानांना शिवले, मग सगळी पानं एकाच दोऱ्यात ओवली आणि गाठ मारली.

"आता एक पान ओढलंत तर सगळी वही सुटेल. बघा जमतंय का."

"अडेलतट्टू," मेहुणी म्हणाली. "तीही अशीच होती."

पोरगी बाहेरून खेळून आली. टेबलावरचा मोठा फोटो बघून म्हणाली, "ही बाई कोण?"

मेहुणीने मान वळवली. मला तिची दया आली.

पोरीने वही उघडली. बसच्या दारात आई ओरडतेय, त्या फोटोवर बोट ठेवलं. "इथे काय म्हणतेय?"

"म्हणतेय, पुढे सरका, पुढे जागा आहे."

"असं?" तिला काही पटलं नाही. मलाही नाही. माझा आवाज म्हणजे ओला फटाका.

"असं नाही हो!" मेहुणी एकदम उठली. "आवाज पोटातून काढायची ती." तिने कमरेवर हात ठेवला. "सरकाऽऽ पुढे! पुढे काय वाघ बसलाय?"

तोच आवाज. अगदी तोच. बहिणी होत्या, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पोरगी आ वासून बघत राहिली, मग तिनेही कमरेवर हात ठेवले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. मी खरंच खुर्ची सरकवली.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने काठीने छत ठोकलं. "अहो, हळू!"

मेहुणीने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. स्टुडिओतला फोटो अजून टेबलावरच होता.

"हळू नाही," मी म्हणालो.

आणि आम्ही तिघं पुन्हा ओरडलो.